फागलीच्या मांडवाखाली

फागलीचं फूल दिवसा उमलत नाही. दिवसभर कळी मिटून असते. संध्याकाळी गुरं परत येतात, शिराळ्याची पिवळी फुलं उघडतात, आणि मग जरा वेळानं, उजेड मऊ झाला की फागली. मुंबईत हिच्या फळांना कर्टोली म्हणतात आणि बाजारात वाट्यावर विकतात. तिथं हिला फूल येतं हे कोणाच्या ध्यानातही नसतं. यंदाचा श्रावण आला तशी मी पुन्हा मांडवाखाली उभी राहू लागले. उजव्या हाताच्या बोटांना पिवळी पूड, केसांत पाण्याचे थेंब. आई आत चुलीशी असते. तिथूनच विचारते, "झाला गो?" मी म्हणते, झालं. ती म्हणते, "कुंदा आसती तर..." आणि वाक्य तिथंच सोडून देते.

फागली कंदातून उगवते. पावसाआधी त्या जागी काही आहे असं कोणाला वाटणारही नाही, जमीन नुसती झाडून ठेवल्यासारखी असते. माझा हेवाही तसाच आहे. मे महिन्यात कोणी विचारलं तर मी सांगेन, तो केव्हाच गेला. श्रावणात त्याला पानं फुटतात.

कुंदा माझी धाकटी बहीण. मी सात वर्षांची असताना आत्या मला मुंबईला घेऊन गेली. तिला मूल नव्हतं, तिचे यजमान गोदीत नोकरीला, माहीमला दोन खोल्या आणि घराजवळच नन्सची इंग्रजी शाळा. घरात त्याला 'शिकायला ठेवली' असं म्हणत. दर मे महिन्यात मी आगबोटीनं मालवणला यायची आणि पावसाआधीच्या शेवटच्या बोटीनं परत जायची. त्यामुळे माझ्या गावचा पाऊस मला आठवतही नव्हता. मॅट्रिक झाले त्या वर्षी आत्या म्हणाली, "या खेपेला पावसाळाभर आईकडे राहा. गणपतीनंतर बोटी सुरू झाल्या की ये, मग टायपिंगचा क्लास लावू." शेवटची बोट मला न घेता गेली. बंदरावर उभं राहून मी तिचा धूर बघितला, आणि त्याच वेळी माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. गणपतीच्या आत आईनं मला एकदा म्हणावं, 'रव.' राहा. एवढंच. मग मी जाणार नव्हते.

हे मी कोणाला सांगितलं नाही. अशा गोष्टी मला सांगता येत नाहीत. वर्गात उत्तर येत असतानाही माझा हात बाकावरून उठत नसे.

मांडव विहिरीजवळ होता, पोफळीच्या काठ्यांचा. फागलीत नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा. मादीच्या फुलाच्या खाली मुगाएवढं काटेरी फळ आधीच असतं. नराच्या फुलाच्या मानेशी एक बारकं पान ओंजळीसारखं वाकलेलं असतं. एरवी रात्रीचे पतंग एकाची पूड दुसऱ्याला नेऊन लावतात. पण आमचं घर समुद्राच्या तोंडावर. श्रावणातला वारा माडांना सोडत नाही, तिथं पतंगाची काय कथा? म्हणून आई आणि कुंदा ते काम हातानं करत. नराचं फूल खुडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या, आणि मादीच्या प्रत्येक फुलाला अलगद टेकवायचं. ज्या फुलाला हात लागला नाही त्याचं काटेरी फळ दोन दिवसांत पिवळं पडून गळे.

मी पडवीच्या पायरीवर बसून ऐकत असे. त्या दोघींचं बोलणं मला दिसण्याआधी ऐकू यायचं.

"गो आये, नराची दोनच फुलां आसत."

"दोन म्हणजे रगड. एक घोव चार बायलांक पुरता."

"आणि बाबांक?"

"तुझ्या बापाशीक एक झेपना, चार खंयच्यो?"

मग दोघींचं हसणं. बाबा आत कंदिलाची काच पुसत असायचे. ते खाकरायचे, की हसणं आणखी वाढायचं. मला हसू येत नसे. मला त्यांतले शब्द कळायचे, पण त्या शब्दांच्या मागे जे दहा वर्षांचं होतं ते कळत नसे. आई अर्धं वाक्य बोले आणि कुंदा उरलेलं हातांनी पुरं करी. आईनं "तां..." म्हटलं की कुंदा विळी आणून ठेवी. मी एकदा तशी "तां..." ऐकून पटकन उठले आणि सूप नेऊन दिलं. आईनं ते घेतलं, "बरां गो," म्हणाली, आणि मी वळल्यावर कुंदाला खुणेनं विळी आणायला सांगितली. मी वळून पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षी नराचा वेल शेजारच्या पाड्यानं, म्हणजे गोऱ्ह्यानं खाल्ला. असं झालं की दुसऱ्याच्या मांडवावरची फुलं मागायची आमच्याकडे रीत आहे. विरजण मागावं तशी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पाणंदीपलीकडे बायकाकी राहत. ओटीवर बसून सुपारी कातरता कातरता सगळ्या वाडीची खबर ठेवणाऱ्या. एका संध्याकाळी आई तापानं पडली होती आणि कुंदा भाताची आवण, म्हणजे लावणीची रोपं काढून नुकती आली होती, अजून गुडघ्यापर्यंत चिखल. मी म्हणाले, फुलं मी आणते. बायकाकींनी मला बघून सुपारी खाली ठेवली.

"ममयची पावणी इली! खंयसून सूर्य उगवलो?"

मी काय हवं ते सांगितलं. त्यांनी घरामागच्या परड्याकडे हात केला, "घे गो तुका होयी तितकी." परड्यात दोन मांडव एकमेकांत शिरलेले. पिवळी फुलं, पाच पाकळ्या, मध्ये पूड. शाळेत मी पुंकेसराची आकृती इतकी सुंदर काढत असे की नन बाई ती भिंतीवर लावत. मी ओंजळभर फुलं आणली आणि कुंदासमोर धरली.

तिनं एक फूल उचललं, हुंगलं, आणि चिखलाच्या पायांनी तिथंच बसली, हसून हसून.

"गो ताय! हां कारल्याचा फूल! फागलीक कारल्याचो घोव करून दितंस? पोरां कडू होतली गो!"

आतून तापातल्या आईचं हसणं ऐकू आलं. दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती, आणि तिला हसवलं होतं कुंदानं, माझ्यावरून. दुसऱ्या दिवशी विहिरीवर वाडीतल्या बायका मला विचारत होत्या, "काय गो, कारल्याचा लगीन ठरला?" मी घागर भरली आणि घरी आले.

विहिरीच्या पन्हाळीपाशी, जिथं सदा ओल असते, तिथं सोनटक्क्याचं बेट होतं. मालवणात पावसाळ्यात बायकांच्या अंबाड्यात हाच असतो. मी माणसांपासून लांब राहायचे म्हणून तिथं जाऊ लागले. एक फूल उकलून बघितलं तर मध कुठं दिसेना. पाकळ्यांच्या खाली एक बारीक नळी, बोटभर लांब, आणि मध पार तिच्या तळाशी. माझी केसांतली पिनही तिथपर्यंत गेली नाही. मग एका संध्याकाळी वारा पडला. करड्या रंगाचा, चिमणीच्या पिल्लाएवढा एक पतंग आला. फुलावर बसला नाही. हवेतच थरथरत उभा राहिला, आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड उलगडून त्यानं त्या नळीत घातली. शेवटपर्यंत. तेवढीच लांब. त्याच्या अंगाला फुलाची पूड लागली आणि तो पुढच्या फुलाकडे गेला.

नन बाईंनी एकदा वर्गात सांगितलं होतं की अशा जोड्या एका दिवसात होत नाहीत. नळी उथळ असली तर पतंग लांबूनच मध पिऊन जातो, अंगाला पूड लागत नाही, त्या फुलाला बी धरत नाही. म्हणून जी फुलं जरा खोल, त्यांचा वंश टिकतो. मग आखूड सोंडेचा पतंग उपाशी राहतो आणि जरा लांब सोंडेचा तगतो. मग फूल आणखी खोल. पतंग आणखी लांब. असं किती काळ चाललं असेल कोणास ठाऊक. शेवटी दोघं एकमेकांच्या मापाचे होतात आणि तिसऱ्याला तिथं जागा उरत नाही. वर्गात मी हे वहीत उतरवून घेतलं होतं. सोनटक्क्याच्या बेटात उभी असताना मात्र मला घरातल्या दोघी आठवल्या. आई आणि कुंदा अशाच एकमेकींच्या मापाच्या झाल्या होत्या. त्यांनी काही मुद्दाम केलं नव्हतं. मी फक्त त्या वर्षांत तिथं नव्हते.

आणखी एक विचार येई. वर्षानुवर्षं हातानंच पूड लावली, तर फागलीला वास ठेवायची गरज काय? ज्याला बोलवायचं तो येतच नाही. बियांपासून पुन्हा बिया अशी ती वाढली असती तर कदाचित पुढंमागं वास विसरली असती. पण आमची फागली दरवर्षी त्याच जुन्या कंदातून येते. ती तीच आहे. म्हणून दर संध्याकाळी तिला तो मंद, जरासा उग्र वास येतो. ती अजून पतंगालाच बोलावते आणि येतो कोणाचातरी हात. त्या दिवसांत मला त्या वेलीचं फार वाईट वाटे. वेलीचंच, असं मी स्वतःला सांगत असे.

श्रावणातल्या शनिवारी कुंदा मारुतीसाठी रुईची पानं आणायला किनाऱ्यावर जाई. आई बरी झाल्यावर एका शनिवारी म्हणाली, "तायक न्हे गो वांगडा." कुंदानं मला बरोबर नेलं, पण चार पावलं पुढं चालत. वाळूच्या कडेला रुईची झुडपं होती. कुंदानं एक पान तोडलं, चीक गळला.

"डोळ्यांक लावू नको हां. तुमच्या ममयत गावना नाय ह्या."

"माहीत आहे मला."

"तुका सगळाच म्हायत. कारल्याचा सोडून."

मी पुढच्या झुडपाकडे वळले. एका पानावर अळी होती, पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची. ती खात नव्हती. पानाच्या मधल्या शिरेला तिनं आधी चावा घेतला. चीक बाहेर आला, थेंब थेंब गळून गेला. अळी थांबून राहिली. मग चीक आटलेल्या पुढच्या भागापाशी गेली आणि सावकाश खाऊ लागली. म्हणजे रुईनं अळ्यांना दूर ठेवायला विष केलं, आणि या एका अळीनं त्यावर ही युक्ती काढली. नन बाई म्हणायच्या, उरलेलं थोडं विष ती अंगात साठवते आणि तिचं नारिंगी फुलपाखरू झाल्यावर पक्षी त्याला तोंड लावत नाहीत. रुई नसती तर ती अळी अशी झालीच नसती. आणि अशा अळ्या नसत्या, तर रुईला एवढा चीक कशाला लागला असता?

सोनटक्का आणि पतंग एकमेकांना घडवतात ते गरजेनं. रुई आणि अळी एकमेकींना घडवतात वैरानं, पण घडवतातच. मी पुढं चाललेल्या कुंदाकडे बघितलं. पाठीवर लांब वेणी, कमरेला खोचलेला पदर, हातात पानांची जुडी. तिच्या प्रत्येक टोमण्यानंतर मी जरा जास्त गप्प होत होते. आणि मी गप्प झाले की तिचा पुढचा टोमणा जास्त धारदार होत होता. आम्ही दोघी कशातल्या, हे मला तिथं वाळूत उभं राहून कळलं. बरं वाटलं नाही.

"कुंदा," मी म्हणाले, "तुझं काय बिघडवलंय मी?"

ती थांबली. मी एवढं एकदम बोलेन असं तिला वाटलं नव्हतं, मलाही.

"बिघडवलंस? तुका न्हेल्यानी, आणि काय बिघडवलंय इचारतंस?" तिनं जुडी वाळूत ठेवली. "आत्येन दोघांकय उभी केल्यान व्हती. ओटीर. माका आठवता तां. तुझ्या गालार हात फिरवल्यान आणि म्हणाली, ह्यां न्हेतंय. माझ्याकडे बघूक सुद्धा नाय."

"तू पाच वर्षांची होतीस."

"नाकाक शेंबूड व्हतो म्हणान ऱ्हवलंय मी. दरवर्षी तू येतंस, फ्रॉक घालून, बूट घालून. इंग्लिश बोलतंस. सगळी वाडी बघूक येता." तिनं डोळे पुसायला हात वर नेला आणि हाताला चीक आहे हे आठवून पदर ओढला. "माका वाटला, एकीक न्हेल्यानी, दुसरीक कोणी नको म्हटला. मगे आयेन पण नको म्हटल्यान तर? म्हणान सगळा शिकलंय. नांगर सोडून सगळा. आयेचा पान हलना नये माझ्याशिवाय."

मी तिच्या हातांकडे बघितलं. मी पायरीवर बसून ज्या हातांचा हेवा करत होते, ते हात माझ्यामुळे तसे झाले होते. आणि मी अशी मुकी, बाजूला उभी राहून बघणारी झाले, ती कशामुळे? दर मे महिन्यात या घरात शिरताना कुंदा आईच्या पदराला धरून उभी असायची आणि मला पदराचं दुसरं टोक रिकामं दिसायचं नाही, त्यामुळे. तीनशे मैलांवर राहून आम्ही एकमेकींना घडवत होतो. वास, चीक, सोंड, काटे, सगळं.

समेट वगैरे काही झाला नाही. कुंदानं जुडी उचलली. वाटेत म्हणाली, "फागलीचा शिकतंस?" मी हो म्हणाले. त्या संध्याकाळी बायकाकींच्या मांडवाखाली तिनं माझं बोट धरून नराच्या फुलाचं ओंजळीसारखं पान दाखवलं. "ह्या बघ. कारल्याक असला नसता." आणि पुन्हा हसली, पण या वेळी जरा बेतानं.

तरीही आई काही म्हणेना. नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या, तेरडा फुलला. आत्यानं पहिल्या बोटीचं तिकीट काढायला बाबांना कळवलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाबांनी माटवी वर टांगली, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती लाकडी चौकट. तिला कुंदानं तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या बांधल्या, रानातली कवंडळं बांधली, आणि मी हात लावलेल्या वेलीवरची फागलं अगदी मधोमध बांधली. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मी जाऊन तिच्यासमोर बसले. आता विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही, हे मला कळलं होतं.

"आई, मी जाऊ, की राहू?"

आईनं सुपातला खडा काढून टाकला. तिला प्रश्न समजलाच नाही असं वाटलं.

"माका काय इचारतंस? कुंदा कधी इचारता, मी रवू काय म्हणान?" मग सूप झटकून म्हणाली, "उद्याक तांदूळ वायच जास्त घालूचे काय, तां सांग."

घरच्या माणसाला कोणी राहा म्हणत नाही. एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती, कारण आत्याच्या घरी मला रोज प्रेमानं काही ना काही विचारलं जाई: जेवतेस का, झोपतेस का, बरं वाटतंय का. तिकीट रद्द झालं. आत्या त्या दिवाळीला आली तेव्हा माझ्याशी नीट बोलली नाही. तिच्याही घरातली एक जागा मी रिकामी केली होती, आणि ती तिनं कशानं भरली हे मला अजून विचारवत नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. मी इथल्या शाळेत शिकवते. कुंदाचं लग्न झालं आणि ती गेली परळला, तिला हवी होती त्या मुंबईत. आईची अर्धी वाक्यं पुरी करायचं काम आता माझ्याकडे आलंय. विळी की सूप, हे मला बहुतेक वेळा कळतं. तरी "कुंदा आसती तर" आहेच, आणि ते ऐकलं की माझ्या हातातलं फूल जरा जास्त जोरात टेकलं जातं.

यंदा कुंदा चतुर्थीला आली. कोल्हापूरवरून एस.टी.नं, दोन दिवस उलट्या करत. पहिल्याच संध्याकाळी पदर खोचून मांडवाखाली गेली आणि माझ्या कामाकडे बघून म्हणाली, "बरां जमता गो तुका." मला ते आवडलं नाही. परीक्षकानं म्हणावं तसं वाटलं. गौरी गेल्या, आणि तिनं ओटीवर पिशवी भरायला घेतली. आई आतून हात पुसत आली.

"रव गो कुंदा. आणखी दोन दिस रव. इतक्या लांबसून इलंस, लगेच खंय निघालंस?"

तो शब्द मी इतकी वर्षं ऐकला नव्हता. माझ्या वाट्याला तो कधी आला नाही, आणि तो किती गोड म्हणता येतो आईला! क्षणभर मला कुंदाचा फार हेवा वाटला. मग मी तिच्याकडे बघितलं. तिचा हात पिशवीवर तसाच थांबला होता. ती आईकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. तिला या घरात पहिल्यांदा कोणीतरी राहा म्हटलं होतं, आणि त्याचा अर्थ काय ते मला माहीत होतं तसं तिलाही कळलं होतं.

आई आत गेली. कुंदा हळूच म्हणाली, "ऐकलंस?"

मी तिला काही विचारलं नाही. तिची पिशवी माझ्याकडे ओढली, वरची साडी काढली, आणि वलणीवर माझ्या साडीच्या शेजारी टाकली.